नातीच्या नावातलं ‘ह्वा’

प्रश्न : माझा मुलगा सिंगापूरला असतो. सून तिथलीच, चिनी घरातली. मुलगी गुणी आहे, माझी काही तक्रार नाही. गेल्या कोजागिरीच्या रात्री त्यांना मुलगी झाली. व्याह्यांनी नाव सुचवलंय ‘युएह्वा’. मुलगा म्हणतो, अर्थ छान आहे. पण या ‘ह्वा’चा अर्थ विचारला की प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एकाने सांगितलं फूल, दुसऱ्याने सांगितलं चीन. शेजारचा मुलगा चिनी कंपनीत कामाला आहे, त्याने ‘पांढरे केस’ असा अर्थ सांगितला आणि वर ‘फुललं पण फळलं नाही’ अशी त्यांच्यातली म्हणही ऐकवली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. डिसेंबरअखेर सगळे इकडे येतील तेव्हा बारसं करायचं आहे. नातेवाईक आत्तापासूनच ‘क्या हुआ?’ म्हणून हसतात. मी नाव बदलायला सांगू का? – एक आजी, सोलापूर

ताई, नमस्कार. नातीला पोटभर आशीर्वाद. तुमचा जीव टांगणीला लागलाय हे ओळीओळीतून कळतंय, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागून. नाव बदलायला सांगू नका. तुमच्या व्याह्यांनी नातीचं नाव ‘चांदणं’ ठेवलंय.

‘युए’ म्हणजे चंद्र आणि ‘ह्वा’ म्हणजे या ठिकाणी तेज, प्रभा. व्याह्यांनी दोन सुटे शब्द घेऊन नवीन जोडणी केलेली नाही. ‘युएह्वा’ हा शब्द चिनी भाषेत मुळातच आहे, चंद्राचा उजेड या अर्थाने. पातळ ढगाआडून चंद्र दिसतो तेव्हा त्याच्याभोवती फिकट रंगांचं कडं पडतं, त्यालाही ‘युएह्वा’च म्हणतात. थांग राजवटीतली, म्हणजे हजाराहून अधिक वर्षांपूर्वीची एक गाजलेली कविता आहे. तीत लांब गेलेल्या माणसाची वाट बघणारी बाई चांदण्याकडे बघून म्हणते, या युएह्वाच्या मागोमाग वाहत जावं आणि तुझ्या अंगावर पडावं. सोलापूर आणि सिंगापूर यांच्यामध्ये एवढा समुद्र असताना हे नाव तुमच्या घरात यावं, हे मला फार छान वाटलं.

आणि नाव चंद्रावरूनच का, तेही सांगते. २०२५ साली आपली कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. चिनी लोकांचा शरदातल्या पौर्णिमेचा सण त्याच दिवशी आला. दरवर्षी असं जमत नाही. त्यांचा हा सण बहुतेक वेळा महिनाभर आधी, आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेला पडतो. त्या वर्षी त्यांच्या पंचांगात अधिक महिना आला, म्हणून दोन्ही सण एका रात्रीवर आले. आपण आटवलेल्या दुधात चंद्र बघतो, ते घरातल्या सगळ्यांना जमवून मूनकेक कापतात आणि चंद्र बघतात. त्या रात्री जन्मलेल्या मुलीला तिच्या आजोबांनी चांदणं म्हटलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तरी दुसरं काय सुचवलं असतं?

आता शेजारच्या मुलाने जे सांगितलं त्याकडे येते, कारण नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून तुमचं समाधान होणार नाही. तो खोटं बोललेला नाही. त्याने शब्दकोश उघडला आणि त्यातला तिसरा-चौथा अर्थ तुमच्या हातात ठेवला.

मी मुलांना चिनी शिकवते. हे अक्षर आलं की मी आधी फळ्यावर एक झाड काढते. मधोमध एक उभा दांडा, दोन्ही बाजूंना फुलांच्या भाराने खाली वाकलेल्या फांद्या. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कांस्यभांड्यांवर जे लेख कोरलेले आहेत, त्यांत हे अक्षर जवळजवळ असंच दिसतं. बहरलेलं झाड, बस्स. पुढे त्याच्या डोक्यावर गवताची खूण आली. चिनी लिपीत झाडापानांच्या कितीतरी शब्दांवर ती असते. इसवी सन १००च्या सुमारास शू शन नावाच्या पंडिताने अक्षरांचा मोठा कोश केला, त्यात ‘ह्वा’चा अर्थ दिलाय ‘बहर’. आणखी एका जुन्या कोशात तर बारकावा आहे : झाडाला येतं ते ‘ह्वा’, रोपाला येतं त्याला वेगळा शब्द. आपण नाही का आंब्याला मोहोर म्हणत आणि उसाला तुरा? तसंच.

तर मूळ अर्थ फूल. ज्याने तुम्हाला फूल सांगितलं तो मुळापर्यंत पोचला होता. पण नंतर त्या भाषेत एक गंमतीची घडामोड झाली. साध्या फुलासाठी वेगळं, लिहायला सोपं अक्षर रूढ झालं. त्याचा उच्चारही जवळपास हाच, फक्त सूर वेगळा. मग ‘ह्वा’ त्या कामातून मोकळं झालं आणि त्याच्याकडे फुलातलं जे बघण्यासारखं असतं तेवढं उरलं : टवटवी, झळाळी, तेज, एखाद्या गोष्टीतलं सर्वोत्तम. चंद्राच्या पुढे बसलं की चांदणं होतं ते म्हणूनच.

फुलाचा जुना अर्थ मात्र धर्मग्रंथांत टिकून राहिला, आणि तो तुम्ही कदाचित कानाने ऐकलेलाही असेल. कुमारजीव या भिक्षूने इसवी सन ४०६ मध्ये ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राचं चिनी भाषांतर केलं. पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ. त्यासाठी त्याने ‘ल्येनह्वा’ हा शब्द वापरला, कमळाचं फूल. ते नाव पुढे जपानला गेलं आणि तिथल्या उच्चारात ‘रेनगे’ झालं. वर्ध्याला सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात ज्या जपानी मंत्राने होते तो आठवा : ‘नम म्यो हो रेन गे क्यो’. त्यातला ‘गे’ म्हणजे तुमच्या नातीच्या नावातलं ‘ह्वा’. अक्षर तेच, उच्चार जपानी. मुंबईत वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात ढोलाच्या ठेक्यावर हाच मंत्र चालतो.

पांढऱ्या केसांचं आता सांगते. ‘ह्वा’च्या पुढे केस या अर्थाचा ‘फा’ आला, तरच काळ्यात पांढरं मिसळलेले केस असा अर्थ होतो. ‘फा’ नसेल तर केसही नाहीत. आपल्याकडे हरी म्हणजे विष्णू. पण संस्कृत कोश उघडलात तर हरी म्हणजे सिंह, माकड आणि बेडूकसुद्धा. म्हणून हरी नावाच्या मुलाला कोणी बेडूक समजत नाही. शब्द शेजाऱ्याकडे बघून अर्थ ठरवतो. तुमच्या नातीच्या नावात शेजारी चंद्र आहे.

ती म्हण खरी आहे आणि फार जुनी आहे. दिखाऊ, आत काही नसलेल्या माणसाला किंवा कामाला ती लावतात. तुमच्या मनाला ती लागली, साहजिक आहे. मुलीच्या नावाशेजारी ‘फळलं नाही’ हे शब्द ऐकवतच नाहीत. पण म्हणीपेक्षाही जुनं एक गाणं आहे, ते त्या मुलाने सांगितलं नाही. चिनी भाषेतल्या सगळ्यात जुन्या काव्यसंग्रहात ते आहे आणि ते लग्नाचं गाणं आहे. पहिल्या कडव्यात तरणंताठं पीचचं झाड आणि त्याची झगझगती फुलं येतात. फुलांसाठी शब्द अर्थात ‘ह्वा’. ही मुलगी सासरी चालली आहे, ती घर सुखाचं करील, असं त्यात म्हटलंय. दुसऱ्या कडव्यात तेच झाड फळांनी लगडतं. तिसऱ्यात पानांनी गच्च भरतं. म्हणजे ह्या अक्षराच्या अगदी जुन्या आठवणीत फूल आहे, त्याच्या पाठोपाठ फळ आहे आणि सासरघर आहे. शेजारच्या मुलाला आवर्जून सांगा. रागाने नको, त्यालाही आवडेल.

आता ‘चीन’. तुम्ही पत्रात या शब्दावर जास्त काही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं नातेवाइकांच्या हसण्यामागे हेही असणार. सीमेवरच्या बातम्या आपण सगळेच बघतो. म्हणून स्पष्ट लिहिते. ‘ह्वा’ हा शब्द चिनी लोक स्वतःच्या संस्कृतीसाठी फार जुन्या काळापासून वापरतात. १९१२ साली झालेलं प्रजासत्ताक असो की १९४९ सालचं, दोघांच्याही अधिकृत नावांत तो आहे. पण तो कुठल्याही एका सरकारपेक्षा खूप जुना आहे. हा शब्द का पडला याचं एक जुनं स्पष्टीकरण असं देतात की इथल्या लोकांचे पोशाख देखणे, म्हणून ते ‘ह्वा’. कोणी त्याचा संबंध ह्वाशान डोंगराशी जोडतात. सिंगापूरचे चिनी लोक स्वतःला ‘ह्वारेन’ म्हणतात आणि आपल्या भाषेला ‘ह्वायू’. त्यात वंश आणि भाषा येते, पासपोर्ट येत नाही. तुमची सून ह्वारेन आहे आणि सिंगापूरची नागरिक आहे. आपली कितीतरी मंडळी अमेरिकेत जन्मून मराठी असतात, तसंच हे.

शिवाय, ताई, तुम्ही सोलापूरच्या. तुमच्या गावच्या मुलाने हे अक्षर नावात घेतलं, त्याला ऐंशीहून जास्त वर्षं झाली.

१९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे, कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये प्रत्येकाला चिनी नाव मिळालं आणि पाचही नावांच्या शेवटी एकच अक्षर बसवलं गेलं : ‘ह्वा’. आपण तुमचे आहोत, हे सांगायची ती खूण होती. बसूंचं झालं ‘बासुह्वा’. द्वारकानाथ कोटणिसांचं झालं ‘के दी-ह्वा’.

त्या ‘दी-ह्वा’पाशी मी दरवेळी थांबते. ‘के’ हे तिथलं आडनावही आहे, कोटणीसमधल्या ‘को’ला जवळचं, त्याचा अर्थ कुऱ्हाडीचा दांडा, किंवा फांदी. ‘दी’ हे चेरीच्या जातीचं एक रानझाड. आणि त्याच जुन्या काव्यसंग्रहात एक गाणं या झाडाच्या बहराने सुरू होतं, ‘दी’च्या ‘ह्वा’ने, आणि लगेच पुढे येतं की आज जगात भावासारखं माणूस दुसरं नाही. तेव्हापासून जाणत्या चिनी माणसाला ‘दीह्वा’ म्हटलं की भावाभावांची माया आठवते. नाव ठेवणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं ते तोच जाणे, पण ते नाव वाचणाऱ्याला हा अर्थ दिसल्याशिवाय राहत नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर तिकडेच गेले, तेव्हा ते फक्त बत्तीस वर्षांचे होते. त्या आधीच्या वर्षी त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं होतं, आणि वडील गेले तेव्हा मुलगा काही महिन्यांचाच होता. त्याचं नाव ‘यिनह्वा’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. बापाचा देश आणि आईचा देश दोन अक्षरांत.

तुम्हाला यिनह्वाची पुढची हकिगत ठाऊक असेल. तो पंचविशीच्या आत गेला. हे वाचून मनात नको ती पाल चुकचुकेल, म्हणून आधीच लिहिते : त्यात नावाचा काही एक संबंध नाही. चीनमध्ये लाखो माणसं ‘ह्वा’ नाव घेऊन सत्तर-ऐंशी वर्षांची झाली आहेत. विशेषतः १९४९च्या आगेमागे जन्मलेल्यांत ‘ज्येनह्वा’, ‘आयह्वा’ अशी नावं इतकी आहेत की वर्गात हाक मारली तर दोन-तीन जण मागे वळावेत.

उच्चाराचं आता मनावर घ्या, कारण ‘हुआ’वरचं हसू त्यानेच थांबेल. ‘हु’ आणि ‘आ’ असे दोन तुकडे करायचे नाहीत. ‘आह्वान’ या शब्दातला ‘ह्वा’ काढा, एका झटक्यात. आणि सूर खालून वर न्या, दारात कोणी अचानक आलं की आपण ‘हो?’ म्हणून विचारतो तसा. ‘युए’ म्हणताना ओठांचा चंबू करा आणि सूर वरून खाली टाका, ‘नाही!’ म्हणून ठामपणे सांगतो तसा. खाली, मग वर. दहा वेळा म्हटलंत की जमेल. नातेवाइकांसमोर तुम्ही स्वतः ते नाव असं खणखणीत म्हणा आणि ‘चांदणं बरं का, कोजागिरीचं’ एवढं जोडा.

एक गोष्ट मात्र करायलाच हवी. मी हे सगळं तुमच्या ‘युएह्वा’ या देवनागरी अक्षरांवरून लिहिते आहे. कोजागिरीचा जन्म बघता मला खात्री वाटते, तरी चिनी भाषेत एकाच उच्चाराची अक्षरं पुष्कळ असतात. ‘ह्वा’चा अगदी हाच सूर असलेला एक शब्द ‘निसरडं’ या अर्थाचा आहे. सूर बदलला की चित्र, बोलणं, बदल असे अर्थ निघतात. ‘युए’च्याही जागी ‘आनंद’ या अर्थाचं अक्षर असू शकतं. म्हणून इंग्रजी स्पेलिंग मागवू नका, अक्षर मागवा. आणि ते सुनेकडे चौकशी केल्यासारखं नको. तिला म्हणा, ‘मला नातीचं नाव लिहायला शिकव.’ नावाबद्दल शंका घेतली की ती तिच्या वडिलांवर घेतल्यासारखी होते, कारण त्यांच्याकडे नातवंडाचं नाव आजोबांनी निवडणं हा मोठा मान असतो. शिकव म्हटलंत तर व्हिडिओ कॉलवर मायलेकी दोघी बसतील.

लिहायला अवघड नाही. चीनमध्ये १९५६ साली अक्षरं सोपी केली तेव्हा यालाही सोपं केलं, सिंगापूरच्या शाळेतही तेच रूप शिकवतात. झाड गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण रेघा सहाच उरल्या. आधी डावीकडे झुकणारी एक तिरपी रेघ, तिच्या पोटातून खाली एक उभी. हा झाला माणूस. त्याच्या उजवीकडे पुन्हा एक तिरपी, आणि मग वरून खाली येऊन उजवीकडे वळून टोकाला किंचित वर उचललेली एक वाकडी रेघ. हा उलटा केलेला माणूस. एक सुलटा आणि एक उलटा मिळून जे अक्षर होतं त्याचा अर्थ ‘बदल’, पण इथे ते फक्त उच्चार सांगायला बसवलंय. त्याच्याखाली एक आडवी, एक उभी. बेरजेची खूण काढतो तशी. झालं. ‘युए’ तर चारच रेघांचं, उभट चौकटीत दोन आडव्या काड्या.

बारशाचं म्हणाल तर आपला रिवाज सोडायचं काही कारण नाही. आत्याने कानात कुर्रर्र करून पाळण्यातलं नाव सांगायचंच. फक्त ते नाव असं निवडा की चिनी नावाचा अर्थ त्यात उतरेल. ज्योत्स्ना आहे, चंद्रिका आहे. माझं मत विचाराल तर कौमुदी. त्याचा अर्थही चांदणंच, आणि कोजागिरीला आपण कौमुदी पौर्णिमा म्हणतो, तेव्हा तिथीही नावात आली. मग दोन घरांनी दिलेली दोन नावं एकमेकांच्या विरुद्ध उभी राहणार नाहीत. एकच नाव दोन भाषांत झालं. मुलीला मोठेपणी ते समजावून सांगताना तुमच्या मुलाला त्रास पडणार नाही.

बाळ महिन्याचं झालं की त्यांच्याकडेही समारंभ असतो, ‘मान्युए’ म्हणतात. त्यातला ‘युए’ तोच, चंद्र आणि महिना या दोन्हींसाठी एकच अक्षर, आपल्या ‘मास’ शब्दातही चंद्र लपलाय तसं. लाल रंगवलेली अंडी वाटतात. तुमच्याकडे अंडी चालत नसतील तर हरकत नाही, पण विहीणबाई येणार असतील तर बारशाच्या घुगऱ्यांशेजारी एका ताटात लाल काहीतरी असू द्या. लाल कागदात बांधलेले पेढे चालतील. त्या न सांगता ओळखतील.

आणि व्याह्यांना निरोप द्या की येताना नातीचं नाव स्वतःच्या हाताने लाल कागदावर लिहून आणा. ब्रश आणि काळ्या शाईने लिहिणारे असतील तर फारच छान. शक्य असेल तर जुन्या पद्धतीचं ‘ह्वा’ही बाजूला काढायला सांगा, गवताची खूण आणि फांद्या असलेलं. पाळण्याच्या वर भिंतीवर लावा. सवड झाली तर पाहुण्यांना घेऊन भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात जाऊन या, तुमच्या घरापासून काही लांब नसेल.

तोवर सुनेने वहीत किंवा फोनवर लिहून पाठवलेल्या नावाचा फोटो मला पाठवा. दुसऱ्या अक्षरात वर डावीकडे माणूस आणि खाली बेरजेची खूण दिसली, तर मी लिहिलं तेच नाव आहे. वेगळं काही असलं तर त्याचा अर्थ बारशाच्या आत कळवीन.